आई तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्यावर. इंटरकॉम बसवायचाय, तुमच्या घरी तो कसा वापरला जातो?

सोपा_माडी
३ मे, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, आणि मधली खोली दगडी, भिंती दोन फूट जाड. मागची बाजू पाडून वडिलांनी २००६ साली तिथं तीन मजले चढवले. आई सोप्याच्या आतल्या खोलीत झोपते. वय ७८, दोन्ही गुडघे गेलेत. आम्ही दोघं आणि मुलं तिसऱ्या मजल्यावर, मधल्या दोन मजल्यांवर भाडेकरू.

गेल्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास आईला दरदरून घाम फुटला, चक्कर आली. मोबाईल उशालाच होता, पण अंधारात चष्मा सापडेना आणि बोट फिरवून फिरवून तो काही उघडेना. जिन्याच्या तोंडाशी येऊन तिनं हाका मारल्या. वर आमचं दार बंद, पंखा सुरू. शेवटी तिनं खिडकीच्या गजावर तांब्या आपटला. तो समोरच्या काकूंना ऐकू गेला, त्यांनी मला फोन केला, मग मी खाली धावलो. साखर उतरली होती. आता बरी आहे. पण पोटचा मुलगा घरात असताना आईची हाक आधी गल्लीपलीकडं पोचावी, हे मला अजून सलतंय.

इंटरकॉम बसवायचं ठरवलंय. वायरचा घ्यावा की बिनवायरचा, हे सांगाच. पण वस्तूची माहिती दुकानदारही देतो. मला हवंय ते असं की तुमच्या घरात तो रोज कोण उचलतं, कुणाला लावतं, कशासाठी? आणि ज्यांच्याकडं बसवून तो बंद पडून राहिलाय, त्यांच्याकडं तसं का झालं? मनापासून विचारतोय, जे असेल ते सांगा.


उद्यमनगर_वायरिंग
३ मे, रात्री १०.५२

दादा, बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून आधी वायरचं बोलतो.

दोन फुटी दगडी भिंत असेल तर बिनवायरच्या नादाला लागू नका. वायफायवर चालणारा सेट सोप्यात एक दांडी दाखवंल आणि ऐन वेळी तुटंल. छोटी ईपीएबीएक्स पेटी घ्या, म्हणजे घरातले फोन एकमेकांना जोडणारी. आमच्या धंद्यात तिला एकशेचार म्हणतात, म्हणजे बाहेरची लाइन एक आणि घरातले फोन चार. त्याहून मोठी तीनशेआठ. घराला एकशेचार पुरते. बाहेरची लाइन नसली तरी आतल्या आत बोलायला काही अडत नाही.

प्रत्येक फोनला पेटीपासून स्वतंत्र दोन तारांची जोडी न्यायची. बेलसारखी एकातून दुसऱ्याला उडी मारायची नाही, तसं केलं तर दोन फोन एकदम वाजतात आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जातं. चार तारांची केबल ओढा, दोन वापरा, दोन राखीव ठेवा. उंदरानं कुरतडली तर भिंत परत फोडायला नको. विजेच्या पाइपातून ही वायर कधीच नेऊ नका, कानाला सारखी घूं ऐकू येत राहते. वेगळा पाइप जमत नसेल तर जिन्याच्या कोपऱ्यातून पट्टी मारून न्या.

पेटी इन्व्हर्टरवर घ्या. आणि अर्थिंग बघून घ्या. वळवाच्या पहिल्या गडगडाटात दर वर्षी दोन-तीन पेट्या जळून माझ्याकडं येतात.

वायर सोलताना पेटी बंद ठेवा. एरवी त्यात थोडंच व्होल्टेज असतं, पण घंटी वाजतेवेळी सत्तर-पंचाहत्तर व्होल्टचा झटका बसतो.


दुधाळीची_लेक
३ मे, रात्री ११.२०

साधा बटणाचा मोबाईल देऊन बघितला का? एक अंक दाबून धरला की तुम्हाला लागेल असा. माझ्या आजीला तेवढं पुरलं.


सोपा_माडी
४ मे, सकाळी ७.०५

दिला होता ताई. तीन अडचणी आल्या. चार्जिंगला लावायचं तिच्या ध्यानात राहत नाही. बॅटरी संपू नये म्हणून ती तो बंद करून ठेवते. आणि कुणी नेऊ नये म्हणून कपाटात साडीखाली ठेवते. भिंतीवरचा फोन जागचा हलणार नाही, हे मला त्यातच कळलं.


तुळशीकट्टा
४ मे, दुपारी २.४०

मी राजारामपुरीत राहते. आमच्याकडं तो का बंद पडला ते सांगते, कारण तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर सहसा कुणी देत नाही.

माझं लग्न १९९८ चं. तेव्हा घरात प्लगमध्ये खोचायचा एफएम इंटरकॉम होता. वेगळी वायर लागत नाही, घराच्या विजेच्या तारांतूनच आवाज जातो, म्हणून सासऱ्यांनी हौसेनं आणलेला. एक स्वयंपाकघरात, एक आमच्या खोलीत. बटण दाबलं की समोरच्या खोलीत थेट आवाज. घंटी वाजली, कुणी उचललं, असं काही नाही. बटण आत सरकवून अडकवून ठेवता यायचं, म्हणजे तान्ह्या बाळाच्या खोलीतला आवाज सतत खाली ऐकू यावा. माझ्या मुलीच्या वेळी त्याचा फार उपयोग झाला, हे कबूल करते.

पण एका रात्री ते बटण तसंच अडकलेलं राहिलं. आम्ही दोघं आमच्या पैशांबद्दल बोलत होतो, त्यात सासूबाईंचं नाव आलं. वाईट काही बोललो नव्हतो, पण अर्धवट ऐकलेलं बोलणं टोचतंच. खाली त्यांनी सगळं ऐकलं. दोन महिने घरात नीट बोलणं नव्हतं. पुढं कळलं की शेजारच्या घरातही तसलाच सेट होता आणि एका फेजवर असल्यामुळं कधी कधी त्यांचं आम्हाला, आमचं त्यांना ऐकू जायचं. त्या दिवशी मी तो प्लगमधून काढला. अकरा वर्षं घरात इंटरकॉम नव्हता.

आता साधे रिसीव्हरचे फोन आहेत. घंटी वाजते, मला वाटलं तर उचलते. वहिनींच्या खोलीत आवाज थेट येणारं काही बसवू नका. सुनेच्या खोलीत न विचारता आवाज शिरला की ती त्या वस्तूचा राग करणार, आणि मग ती वस्तू आईंच्याही उपयोगाची राहणार नाही.


सोपा_माडी
४ मे, रात्री ९.३०

तुळशीकट्टा ताई, हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझ्या मनातलं यांनी लिहिलं. स्पीकरचा विचार आम्ही सोडला.


खात्यातला_माणूस
५ मे, सकाळी ६.१०

दूरसंचार खात्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालो. धागा वाचून राहवलं नाही.

टेलिफोनचा जन्मच घरातल्या घरात झालाय. १० मार्च १८७६ ला बोस्टनमध्ये ग्रॅहम बेलनं तारेवरून पहिली हाक मारली, ती शेजारच्या खोलीतल्या वॉटसनला. इकडे या, एवढंच सांगायचं होतं. तुमच्या आईंनाही तेवढंच सांगायचं होतं.

लोकांच्या लक्षात न आलेली एक गोष्ट सांगतो. तांब्याच्या तारेवरचा जुना लँडलाइन फोन वीज गेली तरी चालायचा, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून यायची. दोन व्होल्टचे चोवीस सेल जोडून ४८ व्होल्ट. धन टोक जमिनीला बांधलेलं, म्हणजे ओलीत तार कमी झिजते. आमच्या बॅटरी रूमचा वास अजून नाकात आहे. आता बऱ्याच घरांत फायबर आलंय. फायबरच्या डब्याला घरातली वीज लागते. ती गेली आणि मागं बॅटरी नसली की फोन मुका. लँडलाइन आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या घरी एकदा मेन स्विच पाडून फोन उचलून बघा.

आणि ज्यांना पेटीचा खर्च नको, त्यांच्यासाठी. दोन जुने फोन घ्या. पहिल्या फोनची एक तार थेट दुसऱ्याला जोडा. दुसऱ्या तारेच्या मध्ये नऊ ते बारा व्होल्टची बॅटरी घाला. दोघांनी रिसीव्हर उचलले की स्वच्छ बोलता येतं. रिसीव्हर खाली असताना बॅटरी खर्च होत नाही. यात घंटी वाजत नाही, त्यामुळं हाक द्यायला शेजारी एक साधी बेल लावावी लागते. माझ्या मुलांनी लहानपणी माडीवरून परड्यात असा फोन केला होता, मोठे झाल्यावर एकानं तोच धंदा धरला.


गोठा_आणि_घर
५ मे, रात्री ८.४५

आमी फुलेवाडीत. घर म्होरं, गोठा मागं, मधी शंभर पावलं. म्हशी सा. पहाटं चारला आण्णा धारंला जात्यात. पैलं आई दारात हुबं राहून वरडायची, समदी गल्ली जागी व्हायची. आता गोठ्यात एक फोन हाय, पत्र्याच्या डब्यात, कारण शेणाच्या वाफंनं तारा हिरव्या पडत्यात. डब्यात वर्साला नवी जोडणी करतो.

बोलणं कमीच. घंटीच बोलती. एकदा वाजवून बंद केली म्हंजी च्या झालाय. दोनदा म्हंजी गिऱ्हाईक आलंय, चरवी घिऊन या. लांब वाजत राहिली तर धारंवरनं उठून पळत यायचं. धाकट्या पोरानं गमतीत लांब घंटी दिली तवा आण्णांनी त्याला जवळ बशीवलं आणि समजावून सांगितलं, त्या घंटीवर उद्या कुणाचा जीव आसंल. परत त्यानं तसं केलं न्हाई.


नागाळा_पार्क_सचिव
६ मे, रात्री ११.०२

आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे, नागाळा पार्कच्या खालच्या अंगाला. थोडं लांब लिहिणार आहे.

बिल्डरनं दिलेला इंटरकॉम पहिली दोन वर्षं चालला. मग खरखर, मग अर्धे फोन मुके. जोडण्यांचा डबा डक्टमध्ये होता, तिथंच बाथरूमच्या पाइपाची गळती. तांब्यावर हिरवा थर चढलेला. बिल्डरनं हात झटकले. आम्ही वर्गणी काढून पेटी बदलली. २००५ चा पूर पाहिलेल्या एका काकांनी तेव्हा हट्ट धरला की पेटी वॉचमनच्या खोलीत नको, पहिल्या मजल्यावर घ्या आणि तिला मोठी बॅटरी लावा. काही जणांना तो खर्च वायफळ वाटला. मलाही वाटला होता, हे सांगितलं पाहिजे.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा पन्नासच्या वर गेलेला. पार्किंगमध्ये गळाभर पाणी. वीज बंद केलेली. मोबाईल एकेक करून मान टाकत होते. चौकीतला फोन बुडाला, तळमजल्याच्या तारा गेल्या, पण पहिल्या मजल्यावरची पेटी बॅटरीवर जिवंत होती. वरचे १९ फोन चालू.

आम्ही वेळ ठरवली. सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा. मी माझ्या फोनवरून एकेका फ्लॅटला लावायचो आणि वहीत लिहायचो: माणसं किती, पाणी किती, दूध आहे का, कुणाचं औषध संपतंय. बाकी वेळ बॅटरी वाचावी म्हणून कुणी गप्पा मारायच्या नाहीत, हे सगळ्यांनी पाळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांचं इन्सुलिन गरम होऊ नये म्हणून चौथ्या मजल्यावरनं मातीचं मडकं खाली आलं. वरच्या मजल्यावर एक बाई आठव्या महिन्यात होत्या. बचाव पथकाची बोट आली तेव्हा आधी कुणाला उतरवायचं हे विचारायला जिने चढावे लागले नाहीत, वही तयार होती.

पाणी ओसरल्यावर खालच्या सगळ्या तारा टाकून दिल्या. चौकीपर्यंत आता जेली भरलेली केबल आहे, तिच्यात पाणी शिरत नाही. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा वहीचं दुसरं पान उघडलं.

मध्ये समितीनं गेटसाठी अॅप आणलं. पाहुणा आला की मोबाईलवर सूचना, हो म्हणा, आत सोडा. नोकरदारांना ते सोयीचं, घरी नसलं तरी कुरिअर घेता येतं. पण सात फ्लॅटमध्ये फक्त म्हातारी माणसं. त्यांच्या मुलांच्या मोबाईलवर, पुण्याला नाहीतर दुबईला, सूचना जायची आणि इथं माहेरवाशीण गेटवर वीस मिनिटं उभी. सर्वसाधारण सभेत एका आजींनी विचारलं, माझ्या दारात कोण आलंय हे मला सोडून सगळ्यांना कळतंय, हे कसं? त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. आता प्रत्येक फ्लॅटनं आपलं ठरवायचं, अॅप की फोन की दोन्ही. चौकीत मोठ्या अक्षरांची पाटी आहे, फ्लॅट आणि त्याची रीत.

रोज कोण वापरतं म्हणाल, तर गेटच्या कामापेक्षा बायका एकमेकींना जास्त लावतात. कढीपत्ता आहे का, बाई आली का, दळणाला चाललेय तुझं देऊ का. संध्याकाळी पाचला पोरं क्रिकेटसाठी. हे फोन चालू राहतात ते याच कारणानं. फक्त आणीबाणीसाठी ठेवलेला फोन बंद पडला तर कळतंच नाही. तरी दर महिन्याच्या एक तारखेला मी सगळ्यांना एकदा लावतो. तीन-चार मुके निघतात. बहुतेक ठिकाणी बाळ झोपलं म्हणून घंटी बारीक केलेली असते आणि परत मोठी करायची राहून गेलेली असते.


उद्यमनगर_वायरिंग
६ मे, रात्री ११.२५

सचिव साहेब, लिफ्टमधला फोनही त्याच दिवशी तपासत जा. बटण दाबून चौकीत वाजतंय का ते. मी गेलेल्या कितीतरी इमारतींत तो नुसता भिंतीवर असतो.


नागाळा_पार्क_सचिव
६ मे, रात्री ११.३१

खरं सांगता. आमचा कधी तपासलेला नाही. उद्या सकाळी तपासतो.


पुण्यातून_कोल्हापुरी
७ मे, दुपारी १.१५

आई-बाबा ताराबाई पार्कात, मी पुण्यात. त्यांच्याकडं बोलणारा स्मार्ट स्पीकर ठेवलाय, दोन खोल्यांत दोन. बाबांना हात लावायला लागत नाही, नुसतं बोलून मला लावता येतं. मी इकडून बोललो की तिकडं आवाज येतो. घरातल्या घरातही चालतो. बाबांची बोटं थरथरतात, त्यांच्यासाठी तो फार मोलाचा ठरला. इंटरनेट मात्र लागतं. वीज गेली तरी चालावा म्हणून राउटरला आणि स्पीकरला दोन्हीला बॅटरी दिलीय. एकालाच दिली तर उपयोग नाही, हे आधी लक्षात आलं नव्हतं.

तुळशीकट्टा ताईंचा मुद्दा इथंही येतो. मी इकडून न विचारता तिकडचं ऐकू शकतो, तशी सोय त्यात असते. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, तू कधीही ऐकशील का रे? मी ती सोय तिच्यासमोर बंद केली.


रात्रपाळी
८ मे, पहाटे ४.२०

सोपा_माडी, तुमची पोस्ट कामावरून वाचतेय. मी नर्स आहे. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा पाच वर्षं घरी केलं, त्यातलं सांगते.

फोन बसवताना आपण धरून चालतो की माणूस उचलेल, नंबर दाबेल, बोलेल. साखर उतरलेला माणूस नंबर दाबू शकत नाही. पॅरालिसिसवाला बोलू शकत नाही. माझे वडील फक्त डाव्या हातानं ओढू शकत होते. त्यामुळं पेटीत अशी सोय करून घ्या की रिसीव्हर नुसता उचलला किंवा खाली पडला की वर आपोआप घंटी वाजेल. त्याला हॉटलाइन म्हणतात. बाबांचा रिसीव्हर उशाशेजारी पलंगाच्या लाकडाला, डाव्या बाजूला, पालथा टेकवलेला असायचा. ढकलला की झालं. आम्ही वर उचलून फक्त ऐकायचो. श्वास ऐकू आला तरी कसा आहे ते कळायचं.

दुसरं, उंची. फोन उभ्या माणसाच्या उंचीवर लावतात. आजारी माणूस झोपलेला असतो.

तिसरं, दिवसा तुम्ही दोघं कुठं असता? वर वाजेल, पण वर कोण असेल?

चौथं जरा नाजूक आहे. आईंना हा फोन फक्त दुखण्यासाठी आहे असं सांगितलंत तर त्या तो उचलणार नाहीत. त्या पिढीला मुलांची झोप मोडायची फार भीती असते. रोजचं काहीतरी काम त्याला लावून द्या. बाबा बोलत नव्हते, तरी सकाळी सहाला एकदा रिसीव्हर ढकलायचे, उठलो म्हणून. ज्या दिवशी सव्वासहापर्यंत वाजलं नाही, त्या दिवशी आम्ही न बोलावता खाली गेलो आणि त्यामुळं वेळेत दवाखान्यात पोचलो. त्यानंतर बाबा आणखी दोन वर्षं होते.


उद्यमनगर_वायरिंग
८ मे, सकाळी ८.००

मॅडम म्हणतात ती हॉटलाइन घेताना दुकानात विचारूनच पेटी घ्या. उचलल्यावर किती सेकंदांनी आपोआप लावायचं हेही ठरवता येतं. आईसाठी चार-पाच सेकंद ठेवा. तेवढ्यात दुसरा नंबर दाबला तर तिकडं जाईल, काहीच दाबलं नाही तर वर वाजंल.

दिवसाचं असं करू. पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूंची हरकत नसेल तर त्यांच्याकडं एक फोन, तुमच्या वरच्या जोडीवरच समांतर. मध्ये एक खटका. घरातनं बाहेर पडताना खटका चालू केला की आईची घंटी त्यांच्याकडंही वाजंल. परत आला की बंद, म्हणजे तुमचं बोलणं तुमच्यापुरतं. पत्ता खासगीत पाठवा, रविवारी येऊन बघतो.


सोपा_माडी
८ मे, सकाळी ८.४०

रात्रपाळी ताई, दिवसाचा प्रश्न आमच्या डोक्यातच आला नव्हता. मी शिरोली एमआयडीसीत, बायको शाळेत, मुलं कॉलेजला. दुपारी वर कुणीच नसतं. भाडेकरू वहिनींना आत्ताच विचारून आलो. त्या म्हणाल्या, विचारायचं काय त्यात, आजींनी आवाज दिला तर मी येणारच, फक्त ऐकू आला पाहिजे.


सोपा_माडी
१५ जून, रात्री ९.५०

मंडळी, महिना उलटला. काय झालं ते सांगायला आलोय.

उद्यमनगरचे दादा स्वतः आले, दोन रविवार काम चाललं. पेटी मधल्या खोलीत माळ्याजवळ, इन्व्हर्टरवर. अर्थिंग नवीन घेतलं. दगडी भिंत फोडली नाही, जुन्या झरोक्यातून पाइप नेला. एक फोन आईच्या पलंगाशी, गादीच्या उंचीवर, मोठ्या बटणांचा. वर आमच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये एक, स्वयंपाकघरात एक. बेडरूममध्ये घेतला नाही, बायकोचं तसं म्हणणं होतं आणि पॅसेजमधली घंटी दार बंद असलं तरी ऐकू येते, हे रात्री पंखा लावून तपासलं. पहिल्या मजल्यावर खटक्याचा चौथा. सगळं मिळून दहा हजारांच्या आत झालं, मजुरी धरून.

पहिले चार दिवस आईनं हातच लावला नाही. पाचव्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "उगंच तुमची झोप कशाला मोडायची म्हणून गप पडलो." आदल्या रात्री तिला पायात गोळे आले होते. रात्रपाळी ताईंनी लिहिलेलं अक्षरशः तसंच.

मग बायकोनं सूत्रं हातात घेतली. तिनं आईला सांगितलं, सकाळी दूध आलं की मला वाजवा, मी चहा टाकते आणि घेऊन खाली येते. आमचा दूधवाला सव्वासहाला येतो. आता रोज सव्वासहाला घंटी. "दूध आलं गं, उठलो मी." तेवढंच बोलणं. पण त्यामुळं बायको रोज सकाळी दहा मिनिटं खाली बसते, आधी ते कामाच्या गडबडीत राहून जायचं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनाही आई दुपारी लावते. वहिनींच्या मुलाला पाढे म्हणायला लावते, फोनवरून. सचिव साहेबांनी लिहिलं होतं तसंच, रोजच्या कामाला लागला म्हणून फोन जिवंत आहे.

परवा रात्री दीड वाजता वाजला. मी उचलला, पलीकडनं आवाज नाही, नुसता पंख्याचा. दोन-दोन पायऱ्या उतरलो. आई गाढ झोपलेली, हात लागून रिसीव्हर खाली पडलेला. तिला उठवलं नाही. रिसीव्हर जागेवर ठेवला आणि थोडा वेळ तिथंच पायथ्याशी बसलो.

आता एक राहिलंय. न्हाणी मागं आहे, दोन पायऱ्या उतरून. तिथं ओलीत फोन लावावा का?


रात्रपाळी
१५ जून, रात्री १०.३०

फार बरं वाटलं वाचून. न्हाणीत फोन नको. दोरी ओढली की वाजणारी बेल लावा. पण ती दोरी लोक हाताच्या उंचीवर बांधून ठेवतात, लोंबकळते म्हणून. तसं करू नका. न्हाणीत माणूस घसरून पडतो आणि पडल्यावर तो जमिनीवर असतो. दोरी जमिनीपर्यंत आली पाहिजे.


उद्यमनगर_वायरिंग
१५ जून, रात्री १०.४१

बेल बारा व्होल्टची घेऊ, ओलीत २३० नको. खटका वर छताजवळ, खाली फक्त दोरी. नायलॉनची आणतो, सुती कुजते. रविवारी नऊला येतो.


सोपा_माडी
२२ जून, दुपारी १२.१०

काम झालं. दोरी जमिनीपासून चार बोटं वर सोडलीय. आईनं तिला खाली लाल लोकरीचा गोंडा करून बांधलाय, चष्मा नसला तरी दिसावा म्हणून.